घरचा वजनकाटा आणि अंगातली चरबी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलला जोडला जाणारा, हजार-दोन हजार रुपयांत मिळणारा वजनकाटा आता बऱ्याच घरांत आला आहे. त्यावर उभं राहिलं की वजनाबरोबर चरबी, स्नायू, पाणी, हाडं, ‘शरीराचं वय’ असे डझनभर आकडे समोर येतात आणि प्रश्नही तेवढेच पडतात. त्यांतल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. ज्यांच्या घराण्यात मधुमेह आहे अशांना हा काटा फार उपयोगी पडू शकतो, असं माझं ठाम मत आहे. फक्त त्याचा कोणता आकडा धरायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे माहीत हवं.

काट्याला अंगातली चरबी कळते कशी?

काट्याच्या चार कोपऱ्यांत दाब ओळखणारे सेन्सर असतात. ते वजन मोजतात. वर ज्या धातूच्या चकत्या किंवा पट्ट्या दिसतात, त्यांतून अगदी क्षीण वीज एका पायातून वर जाते आणि दुसऱ्या पायातून खाली येते. ती एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी असते, त्यामुळे काही जाणवत नाही. रक्तात आणि स्नायूंत पाणी आणि क्षार भरपूर असतात, म्हणून वीज तिथून सहज जाते. चरबीत पाणी थोडं, तिथे ती अडते. एकूण अडथळा किती झाला, एवढंच काटा मोजतो.

म्हणजे प्रत्यक्ष मोजलेल्या गोष्टी दोनच : वजन आणि विजेला झालेला अडथळा. बाकीचं सगळं त्यावरून केलेलं गणित.

मग ते गणित कशावर चालतं? शेजाऱ्यांच्या काट्यावर माझी चरबी ४ टक्के जास्त आली.

येणारच. प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं असतं. एखाद्या लोकसमूहाची चरबी डेक्सा स्कॅनसारख्या (क्ष-किरणांनी चरबी, स्नायू आणि हाडं मोजणारी तपासणी) अधिक भरवशाच्या पद्धतीने मोजायची, त्यांच्याच शरीरातला विजेचा अडथळाही मोजायचा आणि दोन्हींची सांगड घालणारं सूत्र बसवायचं, अशी ही रीत आहे. त्या समूहात तुमच्यासारख्या बांध्याची माणसं किती होती, हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. सूत्रात तुमची उंची, वय आणि लिंगही धरलेलं असतं. ॲपमध्ये उंची अंदाजाने टाकली असेल तर आधी ती भिंतीला टेकून नीट मोजा आणि दुरुस्त करा. दोन-चार सेंटिमीटरच्या चुकीनेही चरबीचा आकडा सरकतो.

दुसरी अडचण अशी की फक्त पायांखाली पट्ट्या असलेल्या काट्यात वीज मुख्यतः पाय आणि ओटीपोटातूनच फिरते. पोटाचा वरचा भाग आणि हात यांची मोजणी होतच नाही, त्यांचा अंदाज बांधला जातो. आपल्याकडे चरबी साठते ती मात्र पोटावर.

त्यामुळे दोन काट्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. एकच काटा, एकच माणूस, एकच वेळ ठेवली तर आकडा महिन्या-दोन महिन्यांत कुठल्या दिशेला चालला आहे ते बऱ्यापैकी कळतं. त्यासाठीच तो वापरायचा.

माझा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२ आहे, सगळे मला सडपातळ म्हणतात. काटा चरबी २७ टक्के दाखवतो. काटा बिघडलाय का?

बहुधा नाही. या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण आपल्या लोकांसाठी या काट्याचा खरा उपयोग इथेच आहे.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन यूडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. डेक्सा स्कॅनवर मात्र यूडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. यूडकिन मॅरेथॉन धावायचे हा भाग त्यात होताच. पण फरक केवळ तेवढ्याने पडलेला नाही, हे याज्ञिक यांच्या गटाने आधीच दाखवून दिलं होतं. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांची मापं त्यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असणं, ही गोष्ट आपल्यात जन्मापासून दिसते.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणल्या आहेत. जागतिक मापात २५ च्या पुढे वजन जास्त आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. आपल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ आणि २५ या मर्यादा सुचवल्या. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे, आणि पस्तिशी-चाळिशीत साखर वाढलेली, असे नातेवाईक बहुतेकांच्या घरात असतात. ‘बारीक आहे, त्याला काय होणार’ हे वाक्य त्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षं बोललं गेलेलं असतं.

तेव्हा २७ टक्के हा आकडा तंतोतंत खरा मानू नका, पण उडवूनही लावू नका. टेप घ्या आणि पोट मोजा.

पोटाचा घेर कुठे आणि कसा मोजायचा?

शिंप्याची साधी टेप पुरते. कुशीत हात लावून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्यावरून टेप फिरवा. पॅन्ट किंवा साडी जिथे बांधता ती जागा धरू नका, ती बहुतेकांची बरीच खाली असते. टेप सगळीकडून जमिनीला समांतर हवी, अंगाला टेकलेली पण रुतलेली नको. सहज श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढून मोजण्यात स्वतःचंच नुकसान आहे.

भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. आणखी सोपी कसोटी म्हणजे घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. उंची १६० सेंटिमीटर असेल तर घेर ८० च्या आत. मला विचाराल तर काट्यावरच्या ‘व्हिसरल फॅट’ (पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी) या आकड्यापेक्षा वीस रुपयांची टेप जास्त खरं सांगते. महिन्यातून एकदा मोजा आणि वजनाशेजारी लिहून ठेवा.

शरीरात चरबी किती टक्के असावी?

जगभर मान्य झालेली एकच मर्यादा नाही. भारतातल्या अभ्यासांत बहुधा पुरुषांसाठी २५ आणि स्त्रियांसाठी ३० टक्क्यांच्या पुढे चरबी जास्त मानतात. स्त्रियांच्या शरीराला मुळातच जास्त चरबी लागते. पाळी नियमित राहणं, गर्भधारणा, हाडं, सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. नवऱ्याचा १८ टक्के आणि आपला २८ टक्के आकडा पाहून वाईट वाटून घेणाऱ्या बायकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. दोघेही ठीक आहेत.

वजन करायची योग्य वेळ आणि पद्धत कोणती?

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. उठल्या उठल्या लगेच मात्र नको. रात्रभर आडवं झोपल्याने शरीरातलं पाणी वर सरकलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटं घरात हिंडणं-फिरणं झालं की ते पायांकडे उतरतं आणि मोजणी स्थिर येते. आंघोळीनंतर किंवा व्यायामानंतर लगेच उभं राहू नका. त्वचा गरम असली की विजेचा अडथळा बदलतो.

काटा कडक आणि सपाट जमिनीवर ठेवा. सतरंजी, गालिचा, जाजम चालत नाही. जुन्या घरांत शहाबादी फरशी असेल तर तिच्या सांध्यांवर काट्याचा एखादा पाय अधांतरी राहतो आणि वजन अर्धा किलो इकडे-तिकडे होतं. एक सपाट फरशी शोधा आणि काट्याची जागा कायमची तीच ठेवा. काटा हलवला असेल तर आधी पाय लावून तो शून्यावर येऊ द्या, मगच चढा.

पाय उघडे आणि स्वच्छ हवेत. टाचांना भेगा असतील, कातडी जाड झाली असेल किंवा तळव्याला तेल लावलं असेल तर वीज नीट आत जात नाही आणि चरबी जास्त दिसते. शेतात किंवा दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. ओल्या फडक्याने तळवे पुसून घ्या. मांड्या एकमेकींना चिकटत असतील तर पाय थोडे फाकवून उभे राहा, नाहीतर वीज जवळची वाट धरते.

रोज करावं की आठवड्यातून एकदा?

मन शांत राहत असेल तर रोज करा आणि आठवड्याची सरासरी काढा. दोन आठवड्यांच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्या की मधली रोजची वर-खाली आपोआप बाजूला पडते. आकडा पाहून दिवसभर मूड जात असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. आणि वजनाच्या भीतीने जेवण सोडणं, खाऊन मुद्दाम उलटी काढणं असं काही होत असेल, तर काटा घरातून हलवा आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोला. घरात वयात येणारी मुलगी असेल तर तिच्या वजनाची चर्चा जेवणाच्या ताटावर कधीही करू नका.

लग्नाचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी सव्वा किलो वाढलं. उपवास केला तर दीड किलो उतरलं. यातलं खरं काय?

दोन्ही वेळा बदललं ते मुख्यतः पाणी.

एक किलो चरबी वाढायला साधारण ७,७०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. एका पंगतीत नेहमीच्या खाण्यावर एवढी भर कोणी घालू शकत नाही. झालं असं की मिठाचे पदार्थ जास्त गेले. लोणचं, पापड, मसालेभात, भजी. मीठ पाणी धरून ठेवतं. भात, जिलेबी, पुरी यांतली साखर आणि पिष्ट स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठतं, आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. शिवाय पोटात अजून अन्न आहेच. दोन-तीन दिवसांत हे सगळं आपोआप उतरतं.

निर्जळी एकादशीनंतर याच्या उलट होतं. ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं, वजन झपकन खाली येतं. यात एक गंमतीची गोष्ट बघायला मिळते. शरीर कोरडं पडलं की विजेला अडथळा वाढतो आणि काटा चरबीची टक्केवारी वाढलेली दाखवतो, वजन उतरलेलं असूनसुद्धा. लग्नाच्या जेवणानंतर पाणी साठलं की चरबी कमी झाल्यासारखी दिसते. दोन्ही आकडे त्या दिवसापुरते सोडून द्या. डाएटच्या पहिल्या आठवड्यात ‘तीन किलो उतरवून देतो’ म्हणणाऱ्या जाहिराती याच पाण्यावर चालतात.

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेल्या उपवासाने तर वजन वाढतंच, ते निराळं.

बायकांना पाळीच्या आधीच्या आठवड्यात पाणी साठून एक-दोन किलो वाढलेलं दिसू शकतं. मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी तुलना करा, गेल्या आठवड्याशी नको.

दोन महिने व्यायाम करतेय, वजन हलत नाही. व्यर्थ गेलं का?

मुळीच नाही. समजा वजन ७० किलो आणि चरबी ३० टक्के होती, म्हणजे चरबी २१ किलो. आता वजन ६९ आणि चरबी २७ टक्के, म्हणजे साधारण १८.६ किलो. वजनात एकच किलोचा फरक, पण चरबी जवळजवळ अडीच किलोने घटली आणि बाकीचं शरीर सव्वा किलोहून जास्त वाढलं. असा बदल काट्यावर दोन-तीन महिने सलग दिसला आणि घेरही कमी झाला, तर तो खरा समजा. एका दिवसाच्या मोजणीवरून ठरवू नका.

वजनं उचलायचा व्यायाम नव्याने सुरू केला की पहिले काही आठवडे स्नायू पाणी धरून ठेवतात आणि वजन थोडं वाढतंसुद्धा. नेमक्या याच टप्प्यावर अनेकजणी जिम सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. ब्लाउज सैल झालाय का, जिना चढताना दम कमी लागतो का, हेही बघा.

‘मेटाबॉलिक एज’, ‘बोन मास’, ‘बीएमआर’ यांवर किती विश्वास ठेवू?

‘मेटाबॉलिक एज’ म्हणजे शरीराचं वय. हे वैद्यकीय माप नाही, दुर्लक्ष केलं तरी चालेल. ‘बोन मास’ हा हाडांचा आकडा इतर आकड्यांवरून काढलेला असतो. हाडं ठिसूळ झाली आहेत का, हे त्यावरून अजिबात कळत नाही, त्यासाठी डेक्सा तपासणीच लागते. पाळी गेलेल्या बायकांनी काट्यावरचा ‘नॉर्मल’ वाचून निर्धास्त होऊ नये. बीएमआर, म्हणजे नुसतं पडून असतानाही शरीर खर्च करतं ती ऊर्जा, हाही सूत्रातून आलेला अंदाज आहे.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांचं वजन कमी होतंय म्हणून ते खूश आहेत. चांगलंच ना?

प्रयत्न न करता कमी होत असेल तर नाही. सहा ते बारा महिन्यांत वजन आपोआप ५ टक्के घटलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य, दात नीट नसणं, यांपैकी काहीही असू शकतं.

वयाबरोबर स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते, त्यामुळे वजन तेच राहूनही माणूस आतून अशक्त होत जातो. काट्याचा ‘मसल’ आकडा या वयात फारसा भरवशाचा नसतो, कारण पायाला सूज असली तरी तो फुगतो. त्याऐवजी दोन गोष्टी घरी करून बघा. पोटरीचा सगळ्यात जाड भाग टेपने मोजा. हात छातीवर घडी घालून, आधार न घेता, खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला सांगा आणि वेळ लावा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे पोटरी पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा उठाबशांना १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर पुढची तपासणी करावी. पडण्याची भीती असेल तर शेजारी उभे राहा.

आणि त्यांच्या ताटाकडे बघा. वयस्कर माणसं रात्री नुसता दूधभात किंवा चहा-खारी खाऊन झोपतात. किडनीच्या आजारामुळे प्रथिनं मोजून दिली नसतील तर घट्ट वरण, उसळ, दही, अंडं, मासे यांपैकी काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात हवं.

हा काटा कोणी वापरू नये?

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं विजेवर चालणारं उपकरण असेल तर चरबी मोजणाऱ्या काट्यावर उभं राहू नये. साधा वजनकाटा चालतो. गरोदरपणात वजनाचा आकडा धरावा, चरबीचा नको. लहान मुलांसाठी ही सूत्रं बनलेली नाहीत. त्यांची वाढ बालरोगतज्ज्ञांकडच्या वाढीच्या तक्त्यावरच पाहावी.

ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांच्यासाठी मात्र साधं वजन फार मोलाचं आहे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायाला सूज आली किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर अंगात पाणी साठत असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

वजन कमी करायचं इंजेक्शन सुरू केलंय. काटा कामाचा आहे का?

हो. भारतात २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं वजन कमी करण्यासाठी बाजारात आली. त्यांच्या चाचण्यांत उतरलेल्या वजनापैकी साधारण पाव ते दोन पंचमांश वाटा चरबीचा नव्हता, त्यात स्नायूही आले. आधीच स्नायू कमी असलेल्या आपल्या लोकांना हे परवडणारं नाही. भूक मेली तरी प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम सोडू नका. काट्यावर वजन उतरतंय पण चरबीची टक्केवारी महिनोन्‌महिने तिथेच आहे, असं दिसलं तर डॉक्टरांना सांगा.

काटा बरोबर दाखवतो का, घरी कसं तपासू?

पाच किंवा दहा किलोची न फोडलेली आट्याची पिशवी घ्या. आधी नुसते उभे राहा, मग पिशवी हातात घेऊन. फरक पिशवीवर छापलेल्या वजनाइतका यायला हवा. शंभर-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे चालतं. नंतर उतरून पुन्हा चढा, असं तीनदा करा. तिन्ही वेळा वेगळं वजन आलं तर आधी सेल बदला, मग जागा, मग काटा.

घ्यायचा झाला तर कोणता?

बजेट असेल तर हातात धरायची दांडी असलेला, आठ जागी वीज तपासणारा काटा घ्या. त्यात हात आणि धडही मोजलं जातं. नसेल तर साधा घ्या आणि उरलेल्या पैशात टेप. ॲप फोनमधले संपर्क किंवा अशाच असंबद्ध परवानग्या मागत असेल तर देऊ नका. ब्लूटूथसाठी काही फोनवर लोकेशन मागितलं जातं, तेवढं ठीक. घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं करा, नाहीतर बाबांचं वजन तुमच्या आलेखात शिरतं.

डॉक्टरांकडे जाताना काय दाखवू?

ॲपचे स्क्रीनशॉट नकोत. एका कागदावर गेल्या तीन महिन्यांची आठवड्याची सरासरी वजनं आणि दर महिन्याचा पोटाचा घेर लिहा. घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे तेही लिहा. घेर मर्यादेबाहेर असेल तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) आणि कोलेस्टेरॉल तपासायचं का, ते विचारा. वजन कमी असलं तरी विचारा. तिशीपुढच्या व्यक्तींची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. तुमच्या वस्तीतल्या आशाताईंना विचारलं तर वार आणि वेळ कळेल.